उणे एकाहत्तर

नवी पेठेत गुंडेटींच्या दुकानात
सहा शिंगांचा राउटर काचेमागे उताणा पडलेला,
खेकडा पालथा व्हावा तसा.
"हा न्या मॅडम. भिंतीबिंती काय बघत नाही हा."
मी विचारलं, व्हीलॅन करता येतात का ह्यात?
त्यांनी सहाही शिंगं एकेक करून सरळ केली.
म्हणाले, "रेंज लई हाय."

उत्तर नव्हतं ते. पण आवडलं.

पर्समध्ये चार हजार दोनशे.
टॉवेलच्या कडा शिवते मी, डझनाला सहा रुपये,
म्हणजे सातशे डझन.
प्रत्येक पोर्टाकडे मी टॉवेलांतच बघते.

घरी केबलवाल्याचा पांढरा डबा आहे,
त्याचा पासवर्ड केबलवाल्याकडे.
वायफायचं नाव बदलायचं तरी फोन करावा लागतो,
आणि तो म्हणतो, कशाला ताई, चाललंय ना.

शेवटी पाच पोर्टांचा एक काळा राउटर घेतला,
हवेत काहीच न सोडणारा, नुसता तारेचा.
आणि सात रस्त्याजवळचं एक लॉज मोडलं, तिथली
छताची गोल थाळी, जुनी, कडेला चुन्याचा ओघळ.
सतराशे पन्नास म्हणाले, सोळाशेला दिली.
आईने दोन्ही उलटसुलट करून पाहिलं.
"काडीच नाही एकाला पण. पकडणार कशानं?"

थाळी छताची, पण आमचं छत पत्र्याचं.
एप्रिलात त्रेचाळीस. दुपारी पत्र्याला हात लावून बघा.
म्हणून कमरेएवढ्या उंचीवर, भिंतीला, देवळीच्या बाजूला.
केबल नायनांनी ओढली.
चाळीस वर्षं मागावर, डाव्या कानाने ऐकू येत नाही,
पण चौकटीच्या कडेने तार अशी नेली
की कुठे पोट आलं नाही.
मला भरून आलं. म्हटलं, नायना, हेही विणणंच की.
"छट्," म्हणाले.
"माग थांबला की गल्लीला कळतं.
हे थांबलं तरी दिवे लागलेलेच."

मग फोन हातात धरून घरभर फिरले.
उंबऱ्यात उणे अठ्ठेचाळीस. चुलीपाशी एकोणसाठ.
मागच्या खोलीत, जिथे मी रात्री बसते
शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून,
उणे एकाहत्तर.
लिहून ठेवलं वहीत.

दोन खोल्यांत आम्ही सात जण.
राउटरमध्ये मात्र मी चार खोल्या काढल्या,
दहा, वीस, तीस, चाळीस,
प्रत्येकीला दार, आणि दाराला नियम.
दहात भावाचे रील्स आणि वहिनीच्या मालिका.
वीसमध्ये शेजारच्या येमुलांचा मुलगा, दहावीचं वर्ष आहे म्हणून.
तीसमध्ये माझी लॅब, जी मी रोज मुद्दाम बिघडवते
आणि कुणाला न उठवता दुरुस्त करते.
चाळिसात अजून कोणी राहत नाही.
कधीकधी नुसती आत जाऊन बसते.

वहीत मात्र आकडे हलायला लागले.
एकाहत्तर, मग अडुसष्ट, चौसष्ट, एकसष्ट,
आणि एका पहाटे परत एकाहत्तर.
चॅनल बदलले. फर्मवेअर बदललं.
येमुलांच्या पोरावर उगाच संशय घेतला.
थाळी दोनदा काढून पुन्हा ठोकली.

तेवढ्यात बाहेरून आईची हाक, "नीळ्ळु!"
आणि सगळं घर बादल्या घेऊन पळालं.

आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो.
थाळी आणि मशीन यांच्या मधे
चार निळी पिंपं, कमरेएवढीच.
भरली, की सिग्नल पितात.
रोज थोडी रिकामी होतात, रोज मी थोडी स्पष्ट होते.

थाळी हलवायला हवी. दोन हात वर घेतली तरी पुरे.
केबल आहे, खिळे आहेत,
नायना रोज विचारतात, कधी करायचं?

पण काल संध्याकाळी आई मशीनपाशी आली,
पिंपाचं झाकण न उघडता, माझ्या खांद्यावरून वाकून,
हात पीठाचे.
"किती आहे गं आज?"
म्हटलं, चौसष्ट.
"मग उद्यापर्यंत पुरतंय," म्हणाली,
आणि भाकरी थापायला गेली.